नित्य, काम्य आणि अवचित

दक्षस्मृतीत गृहस्थाच्या दिवसाचे आठ भाग पाडलेले आहेत. शौच, स्नान, संध्या आणि होम पहिल्या भागात, वेदाभ्यास दुसऱ्यात, पोष्यवर्गासाठी अर्थार्जन तिसऱ्यात, माध्याह्नस्नान चौथ्यात, देव, पितर, मनुष्य आणि कृमिकीटक यांना अन्नाचा वाटा देऊन मग स्वतःचे भोजन पाचव्यात, इतिहासपुराणांचे परिशीलन सहाव्या व सातव्यात, आणि लोकव्यवहार व सायंसंध्या आठव्यात, अशी ती व्यवस्था आहे. हे वेळापत्रक इतके भरगच्च आहे की वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका उभी राहते: या गृहस्थाच्या दारात भर माध्याह्नी एखादा वाटसरू आला, घरातले मूल तापाने फणफणले, किंवा परगावाहून मृत्यूची वार्ता आली, तर या आठ भागांचे काय व्हायचे? धर्मशास्त्रकारांनाही ही शंका सुचलेली होती. त्यांच्या ग्रंथांचा फार मोठा भाग नियमांनी नव्हे, तर नियम मोडण्याची वेळ आली असता काय करावे याच्या विचारानेच भरलेला आहे. कर्मठपणाचा ठपका ठेवून हे वाङ्मय बाजूला सारणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच बाजू निसटते.

प्रश्न मुळात तात्त्विक आहे. जे अनपेक्षित आहे त्याच्यासाठी आधी जागा राखून ठेवता येते काय, आणि तशी जागा राखली तर ते अनपेक्षित उरते काय? एखाद्याने दिवसातला एक तास अडीअडचणीसाठी मोकळा ठेवला, तर त्याने अडचणीलाही वेळापत्रकात बसवले असे होते, आणि अडचण त्या तासात न येता दुसऱ्याच तासात आली म्हणजे तिचे अनपेक्षितपण पूर्ववत शिल्लकच राहते. या ठिकाणी पंचांगाचे उदाहरण देण्याचा मोह पुष्कळांना होतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे, त्यांतले अकरा दिवसांचे अंतर साचत जाऊन साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास येतो, म्हणजे आपल्या पूर्वजांनी कालगणनेतच जास्तीच्या वेळेची सोय करून ठेवली, असे सांगितले जाते. परंतु अधिकमास कधी येणार हे कित्येक वर्षे आधी गणिताने सांगता येते. तो कितीही वेगळा वाटला तरी अवचित नाही. ग्रहणाचेही तेच. त्यामुळे प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर गणितात न शोधता आचारात शोधावे लागते.

आचारातला सर्वांत लक्षणीय नियम विष्णुपुराणात सापडतो. वैश्वदेव, म्हणजे शिजवलेल्या अन्नातला अंश देवता व भूतमात्र यांना अर्पण करण्याचा विधी, उरकल्यावर गृहस्थाने लगेच पानावर बसू नये, तर घराच्या अंगणात येऊन गाय दोहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ अतिथीची वाट पाहत उभे राहावे, असे तेथे सांगितले आहे. त्याहून अधिक थांबायचे की नाही हे मात्र त्याच्या इच्छेवर सोडले आहे. या मापाला गोदोहनकाल म्हणतात. येथे कोणी येणार असल्याचे कळलेले नाही, कोणाला आमंत्रण गेलेले नाही, बहुतेक दिवशी कोणी येणारही नाही, तरीही वाट पाहण्याचे कर्म रोजचे आहे आणि त्याला आरंभ व शेवट दोन्ही आहेत. नियमाने अतिथीचे येणे बांधलेले नाही, यजमानाचे तयार असणे तेवढे बांधलेले आहे. वर उपस्थित केलेल्या तात्त्विक कोड्याची निम्मी उकल या भेदातच आहे, कारण काय येईल हे ठाऊक नसतानाही येणाऱ्यासाठी सज्ज राहता येते, आणि सज्जतेला वेळ नेमून दिल्याने येणाऱ्याचे अवचितपण कमी होत नाही.

उरलेल्या निम्म्या भागाची जाणीव मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात दिसते. वैश्वदेव संपल्यानंतर आणखी एखादा अतिथी आला तर त्यालाही यथाशक्ति अन्न द्यावे, पण बलिहरण, म्हणजे भूतमात्रांसाठी अन्नाचा अंश ठेवण्याचा विधी, पुन्हा करू नये, असे मनू सांगतो. सूर्यास्ताच्या वेळी आलेल्याला परत पाठवू नये आणि तो वेळेवर येवो की अवेळी, त्याला घरात उपाशी राहू देऊ नये, असेही तेथे आहे. अर्थात राखून ठेवलेली वेळ टळून गेल्यावर येणारा पाहुणाही गृहीत धरलेला आहे. त्याच्यासाठी विधीची पुनरावृत्ती नाही, अन्न मात्र आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत याच विचाराची व्यावहारिक बाजू मांडली आहे: वस्तीला आलेल्या कोणालाही नाकारायचे नाही हे व्रत ज्याने घेतले त्याने, या ना त्या मार्गाने, पुष्कळ अन्न मिळवून ठेवावे. ब्रह्मविद्येच्या उपदेशानंतर अचानक आलेला हा कोठाराचा विषय अनेक वाचकांना विसंगत वाटतो, पण अवचिताचे स्वागत केवळ मनाच्या मोठेपणावर चालत नाही, त्याला डब्यात पीठ असावे लागते, ही गोष्ट उपनिषदकर्त्याला अनेक आधुनिक उपदेशकांपेक्षा अधिक नीट कळलेली होती.

यापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. पाहुणा रिकाम्या वेळी न येता ऐन कर्माच्या वेळी आला तर कोणाला थांबवायचे, कर्माला की पाहुण्याला? अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात, जे व्रात्यकांड म्हणून ओळखले जाते, या प्रसंगाचा स्पष्ट विचार आहे. अग्नी उचलून ठेवलेले आहेत, अग्निहोत्राचे दूध विस्तवावर चढवलेले आहे, आणि अशा क्षणी विद्वान व्रात्य, म्हणजे व्रतस्थ भटका, घरी आला, तर यजमानाने स्वतः उठून त्याला सामोरे जावे आणि हवन करण्याची अनुज्ञा मागावी. त्याने ती दिली तर हवन करावे, न दिली तर करू नये. अग्निहोत्र हे सकाळ-संध्याकाळ जन्मभर चालणारे कर्म, त्याची वेळ सूर्याच्या उदयास्ताशी जखडलेली, आणि तरीही त्याचा पुढचा क्षण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या होकारावर सोपवलेला आहे. आपस्तंब धर्मसूत्रातही हा विधी आलेला असल्याने तो व्रात्यकांडापुरता मर्यादित राहिला नाही असे दिसते. तेथे पाहुणा कर्माच्या आड येत नाही. त्याचा सत्कार हेच त्या क्षणाचे कर्म होते.

कठोपनिषदाची चौकट याच तत्त्वाची उलटी बाजू दाखवते. रागाच्या भरात पित्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे नचिकेता यमाच्या घरी पोहोचतो आणि तेथे यजमानच घरी नसल्याने तीन रात्री उपाशी राहतो. परत आल्यावर यमाला सांगितले जाते की उपाशी राहिलेला अतिथी घरच्या आशा, पुण्य, संतती आणि पशू या सर्वांचे हरण करतो, आणि मग त्या तीन रात्रींची भरपाई म्हणून तो तीन वर देऊ करतो. सर्वांच्या घरी न सांगता जाणारा मृत्यू येथे स्वतःच न सांगता आलेल्या पाहुण्यापुढे ओशाळलेला आहे. उपनिषदकाराला विनोद अभिप्रेत नसेलही, पण ज्याच्या अवचितपणाची जगाला धास्ती त्यालाही अवचिताचा नियम चुकत नाही, हा त्यातला अर्थ सुटू नये. शिवाय आत्मविद्येचा तो सारा संवाद या चुकामुकीमुळेच घडून आला, हेही विसरता येत नाही.

अतिथी हा अवचिताचा एक प्रकार झाला आणि तो तुलनेने सुखाचा. संपूर्ण प्रश्नाची मांडणी करायची तर मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, केलेल्या कर्मांच्या वर्गीकरणाकडे वळावे लागते. जे आयुष्यभर न चुकता करायचे ते नित्य, जे एखादे निमित्त घडल्यावरच करायचे ते नैमित्तिक, आणि जे विशिष्ट फळाच्या इच्छेने स्वतः होऊन हाती घ्यायचे ते काम्य. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादाच्या आरंभी असा वाद आहे की एखाद्याला कर्माची सर्व अंगे, म्हणजे त्यातली साहाय्यक कृत्ये, पार पाडणे शक्य नसेल तर त्याने ते कर्म करावे की सोडावे. निर्णय असा दिला आहे की नित्य कर्म यथाशक्ति करावे, काही अंगे राहून गेली तरी ते घडते. काम्य कर्म मात्र सर्व अंगांसह करता येत असेल तरच हाती घ्यावे, कारण अपुऱ्या काम्य कर्माने फळ मिळत नाही.

वेळेच्या नियोजनासंबंधी भारतीय परंपरेत जे काही मौलिक आहे ते या निर्णयात आहे असे म्हणावेसे वाटते. प्रचलित समजूत बरोबर याच्या उलट असते. मनुष्य स्वतःच्या इच्छेने ठरवलेल्या संकल्पांना, म्हणजे पदवी, प्रकल्प, प्रवास, व्यायामाचे लक्ष्य यांना, अढळ मानतो, आणि रोजच्या देण्याघेण्याला, आईवडिलांची विचारपूस, मुलांचे जेवण, शेजाऱ्याची नड यांना, वेळ उरला तर करायच्या गोष्टी समजतो. मीमांसक सांगतो की जे आयुष्याने अंगावर टाकले आहे ते लवचीक असलेच पाहिजे, कारण ते रोज करायचे आहे आणि रोजचा दिवस सारखा नसतो. आणि जे स्वतः होऊन मागून घेतले आहे ते मात्र पूर्णपणे करण्याची ताकद असेल तेवढेच घ्यावे. यावरून निघणारे अनुमान असे की अवचितासाठी जागा मोकळ्या तासांमधून निर्माण होत नाही. ती काम्य कर्मांची संख्या आवरल्याने आणि नित्य कर्मांना कमी-अधिक होण्याची मुभा दिल्याने निर्माण होते. ज्याने दिवस काम्यांनी भरला आहे त्याने मध्ये एक तास मोकळा सोडला तरी त्या तासात आलेला पाहुणा त्याला अडथळाच वाटणार, कारण त्याचे मन अगोदरच पुढच्या संकल्पाकडे गेलेले असते.

नित्याला दिलेल्या या लवचीकतेची यंत्रणा बारकाईने उभारलेली आहे. प्रत्येक नित्य कर्माला मुख्य काळाखेरीज गौण काळ, म्हणजे दुय्यम पण चालण्याजोगा काळ, सांगितलेला असतो. सायंकालचा होम राहिला तर प्रातर्होमाच्या वेळेपर्यंत आणि प्रातर्होम राहिला तर सायंहोमाच्या वेळेपर्यंत तो अगदी बुडाला असे मानले जात नाही. संध्येला उशीर झाला तर तीन अर्घ्यांना प्रायश्चित्ताचे चौथे अर्घ्य जोडावे आणि पुढे चालू लागावे, एवढेच. सामग्री नाहीशी झाली तर प्रतिनिधी, म्हणजे बदली द्रव्य, चालते. व्रीही म्हणजे भात मिळाला नाही तर नीवार म्हणजे रानातले देवभात घ्यावे, हे मीमांसेतले नेहमीचे उदाहरण. यज्ञपात्र फुटले किंवा हविर्द्रव्य सांडले तर त्या निमित्ताचा स्वतंत्र होम सांगितला आहे, म्हणजे अपघातालाही विधीच्या अंगणात स्थान आहे.

या सर्वांत बहारीची म्हणावी अशी तरतूद अभ्युदितेष्टीची आहे. अमावास्या आहे असे समजून यजमानाने दर्शयागाची, म्हणजे अमावास्येच्या यज्ञाची, तयारी केली, हविर्द्रव्य काढून ठेवले, आणि मग पूर्वेला चंद्राची कोर उगवलेली दिसली, म्हणजे तिथीचा हिशेब चुकला. अशा वेळी काढलेले द्रव्य टाकून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा असे कोणालाही वाटेल. श्रुती सांगते की त्या तांदळांचे तीन भाग करावेत आणि ते नेहमीच्या देवतांऐवजी दाता अग्नी, प्रदाता इंद्र आणि शिपिविष्ट विष्णू यांना द्यावेत. जैमिनीने सहाव्या अध्यायाच्या पाचव्या पादात याचा ऊहापोह केला आहे. म्हणजे यजमानाची चूक लपवलेली नाही, त्याला अपराधी ठरवून परतही पाठवलेले नाही. हाताशी जे आहे त्याचा विनियोग बदलला आहे. योजना फसली असता साधनांचे काय करावे, याचे एवढे शांत उत्तर इतर वाङ्मयात क्वचितच सापडेल.

परंतु सर्वच अवचिताला दार उघडे ठेवता येत नाही, हेही धर्मशास्त्राने ओळखलेले आहे. मृत्यूमुळे येणारे अशौच, ज्याला व्यवहारात सुतक म्हणतात, ते सपिंडांना म्हणजे जवळच्या भाऊबंदांना सामान्यतः दहा दिवसांचे असते आणि त्या काळात बहुतेक शुभकार्ये थांबतात. येथेही सवलती आहेतच: एका अशौचात दुसरे आले तर पहिल्याच्या शेवटाबरोबर दुसऱ्याचीही समाप्ती होते, दूरदेशीची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर राहिलेले दिवस, नंतर कळली तर तीन रात्री, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर मनूच्या मते केवळ जलस्पर्शाने शुद्धी. तथापि विवाहासारख्या कार्यात अनेक घरांची तयारी, अन्न आणि प्रवास गुंतलेले असताना प्रत्येक अशुभ वार्तेने ते थांबू लागले तर कोणतेच कार्य तडीस जाणार नाही. म्हणून नांदीश्राद्धाची, म्हणजे मंगलकार्याच्या आरंभी पितरांना संतुष्ट करण्याच्या विधीची, योजना झाली. एकदा ते केले की कार्याचा आरंभ झाला असे धरतात आणि मग आलेले अशौच त्या कार्याला बाधत नाही. काशीस १६१२ मध्ये निर्णयसिंधू लिहिणारे कमलाकरभट्ट, ज्यांचे घराणे मूळचे पैठणचे, आणि पंढरपुरास १७९० मध्ये धर्मसिंधू पूर्ण करणारे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये या दोघांच्याही ग्रंथांत या विषयाचा तपशीलवार निर्णय आहे. नांदीश्राद्ध किती दिवस आधी करावे यालाही मर्यादा घातली आहे: यज्ञापूर्वी एकवीस, विवाहापूर्वी दहा, उपनयनापूर्वी सहा आणि चौलापूर्वी तीन दिवस. महाराष्ट्रात याच सुमारास देवक बसवतात, आणि देवक बसले की ते उठेपर्यंत घराला सोयर-सुतक नाही, ही समजूत पोथी न वाचलेल्या घरांतही पक्की आहे.

या मर्यादेचे मर्म दिवसांच्या संख्येत आहे. कोणी वर्षभर आधी नांदीश्राद्ध उरकून वर्षभर दुःखापासून सूट मिळवू शकत नाही. जगाला दार बंद करण्याचा अधिकार गृहस्थाला आहे, पण तो थोड्या दिवसांसाठी, जाहीरपणे आणि पितरांना आधी आठवूनच मिळतो. एखादे मोठे काम पार पाडण्यासाठी अवचिताला काही काळ बाहेर थांबवणे यात स्वार्थच असतो असे नाही. स्वार्थ सुरू होतो तो हा काळ अमर्याद वाढवल्यावर.

ऐन कर्माच्या वेळी पाहुणा येण्याचा पेच पंढरपूरच्या मूळकथेतही आहे, आणि तेथे मिळालेले उत्तर व्रात्यकांडाहून निराळे आहे. पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत असताना साक्षात देव दारी आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही आणि देवाला परतही पाठवले नाही, उभे राहण्यासाठी वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. अथर्ववेदातला यजमान अग्निहोत्र पाहुण्याच्या हवाली करतो, पुंडलिक मात्र पाहुण्याला थांबवतो. या दोहोंत विरोध आहे असे वरवर दिसते, परंतु अग्नी थांबू शकतो आणि वृद्ध, थकलेली माणसे थांबू शकत नाहीत, हा भेद लक्षात घेतला की तो विरोध पुष्कळसा मावळतो. मनूनेही नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी, काही विचार न करता जेवू घालावे असे म्हटले आहे. कोणाची गरज सर्वांत कमी थांबू शकते, हा निकष दोन्हींकडे समान आहे. आणि वारकरी परंपरेने तर थांबवला गेलेला देव हाच आपला देव मानला, यावरून या निकषाला लोकमानसाने किती मान दिला ते दिसते.

या साऱ्या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यातले दोन दोष झाकून चालणार नाही. पहिला म्हणजे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी म्हणवला जात नाही आणि वैश्य व शूद्र यांना सेवकांबरोबर जेवू घालावे असे मनुस्मृतीच सांगते. अवचिताला जागा देणारा गृहस्थ येणाऱ्याची जात आधी पाहत असेल, तर त्याने अवचिताला अर्धीच जागा दिलेली असते. दुसरा दोष ग्रंथांत फारसा बोलला गेलेला नाही. अंगणात गोदोहनकाल उभा राहणारा गृहस्थ आहे, अनुज्ञा मागणारा यजमानही तोच आहे, परंतु अवेळी आलेल्यासाठी पुन्हा चूल पेटवणारी त्याची पत्नी आहे, आणि पतिपत्नींनी सर्वांच्या मागून उरलेले अन्न खावे या नियमातला उशीर प्रत्यक्षात तिच्याच वाट्याला अधिक येतो. एकाच्या वेळापत्रकातली उदारता दुसऱ्याच्या वेळेतून भागवली जात असेल तर ते आतिथ्य कोणाच्या नावावर जमा करायचे, याचा निर्णय कोणत्याही निबंधकाराने दिलेला नाही. यथाशक्ति हा जो शब्द मीमांसकांनी नित्य कर्माला जोडला, त्यातली शक्ती कोणाची मोजायची हे मात्र त्यांच्याच तर्काने विचारता येते, आणि घरोघरी ते अजून विचारले जायचे आहे.